निसवली का केळ?

माझ्या आयुष्यात जे काही चांगलं झालं, त्याची सुरुवात कमलफुईपासून होते. आमच्या रावेरकडे आत्याला फुई म्हणतात. वडील लवकर गेले. त्यांच्या या थोरल्या बहिणीनं केळीचा मळा सांभाळला आणि मला जळगावच्या कॉलेजात घातलं. घरातला पहिला पदवीधर मी, पण पेढे वाटत गावभर फिरली ती.

यूकेला निघालो त्या सकाळी एसटी स्टँडवर तिनं विचारलं, "तिकडे केळी होते का रे?"

"नाही फुई, फार थंडी असते."

"मग मी नाही येत बा. जिथे केळ निसवत नाही, तिथे माझं काय काम?"

निसवणं म्हणजे खोडातून केळफूल बाहेर पडणं. सगळे हसले, मीही हसलो. पुढे कार्डिफला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागली, लग्न झालं, मॉर्गेज घेतलं, ईरा झाली. दर वेळी मी बोलवायचो आणि दर वेळी फुई विचारायची, "निसवली का केळ?" थट्टेच्या आडून ती विमानाला भिते, हे मला कळत होतं. ती सत्तरीच्या पुढे गेली, तेव्हा मात्र मी गार्डन सेंटरमधून बुटक्या जातीचं केळीचं रोप उचललं. आता नाही तर कधीच नाही.

आमच्या रावेरकडे कडाक्याच्या थंडीत रात्री केळीला विहिरीचं पाणी देतात, मुळांना ऊब मिळते. पहिल्या फ्रॉस्टचा फोरकास्ट ऐकून मीही पॅटिओवरच्या कुंडीत कॅनभर पाणी ओतलं.

"अरे, त्या बिचारीला गार शॉवर कशाला देतोयस?" मेघनानं किचनमधून विचारलं. बायको पुण्याची, तिला केळीतलं काय कळतं!

"आमच्याकडे असंच करतात," मी ऐटीत म्हणालो. विहिरीचं पाणी थंडीत कोमट असतं आणि कार्डिफच्या नळाचं दातांना झिणझिण्या आणतं, हे डोक्यातच आलं नाही. आठवड्याभरात पानं काळी पडली, खोड मऊ झालं.

"काय बागायतदार, आता?" मेघना म्हणाली. पण कुंडी घराला जोडलेल्या काचेच्या कॉन्झर्व्हेटरीत ओढायला तीच आली.

सडलेलं खोड पांढरा, टणक गाभा लागेपर्यंत छाटलं. फरशीचा गारवा लागू नये म्हणून कुंडीखाली थर्माकोल सरकवला. पाणी अगदी बेतानं, तेही घरात ठेवून कोमटलेलं. वसंतात मधोमध नव्या पानाचा हिरवा पोंगा वर आला, गुंडाळलेल्या नकाशासारखा. त्या दिवशी मी लॅबमध्ये सगळ्यांना केक दिला. कशाबद्दल, ते कोणालाच नीट समजलं नाही.

पुढचे दोन हिवाळे केळीनं असेच काढले. गेल्या सप्टेंबरात एक पान आखूड आलं. घड येण्याची ती खूण. पण गारठा लागला तर घड खोडातच अडकतो. लगेच कुंडी आत घेतली, हीटर लावला.

"बाबा, मला थंडी वाजते तेव्हा तू म्हणतो जंपर घाल," ईरा म्हणाली. "आणि केळीला हीटर?"

"तिला जंपर बसत नाही."

एका रविवारी ईराच ओरडत आली, "बाबा, पर्पल काहीतरी आलंय!"

फोनवरचं बोलणं फुई हसण्यावारी नेते. पत्र मात्र साऱ्या गल्लीला वाचून दाखवते. म्हणून पत्रच पाठवलं:

"प्रिय फुई, साष्टांग नमस्कार.

केळ निसवली. घड लहान आहे, आपल्या मळ्यात तू त्याला हसली असतीस. इथे मात्र शेजारीपाजारी बघायला येतात आणि मी त्यांना तुझ्याबद्दल सांगतो. आता शब्द पाळ. विमानात तुझ्या शेजारी बसायला मी स्वतः घ्यायला येतो.

बुडाशी तीन पील फुटले आहेत. घड उतरला की आईकेळ जाणार, मग त्यातला एकच पुढचं झाड म्हणून वाढवायचा. कोणता, ते तू येऊन ठरव. तोवर मी विळ्याला हात लावत नाही."