मुठीतल्या अक्षता

आमच्या शेजारचे काका इलिनॉयमधल्या एका कंपनीचे बडे साहेब होते. रोज मालगाड्या भरून मका दळणारी कंपनी. माणूस अमेरिकन, पण आमची मुलगी लहानपणापासून त्यांना काकाच म्हणते. रिटायर झाले तरी एक सवय काही सुटली नाही. धान्य दिसलं की एक दाणा दाताखाली फोडायचा आणि मान हलवून म्हणायचं, "हं, वाळलाय चांगला." आमच्या घरातलं ज्वारीपासून साबुदाण्यापर्यंत सगळं त्यांनी चावून पाहिलंय.

मुलीच्या लग्नात त्यांनी अक्षताही चावून पाहिल्या. दात कुंकवाने लाल! प्रत्येक 'सावधान'ला हॉलभर अक्षता उडत होत्या, काकांची मूठ मात्र मिटलेलीच. मी दोनदा खुणावलं, त्यांनी मानेनेच नको म्हटलं.

लोक जेवायला वळले तेव्हा ते हळूच मुलीजवळ आले.

"सॉरी गं, सगळा जन्म धान्यात गेला. मला दाणा फेकवत नाही."

मग चिमूट चिमूट करून त्यांनी सगळ्या अक्षता तिच्या डोक्यावर ठेवल्या.

मुहूर्त केव्हाच टळला होता. पण माझ्या लेखी लग्न लागलं ते तेव्हा.