टोचलेल्या शेळ्या

आम्ही दोघं निवृत्तीनंतर युगांडाला जाणार, हे सासूबाईंना सांगायला यांना एकट्याला पाठवायचं मला बरं वाटेना. म्हणून मीही गेले. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला गाडीरस्ता संपतो, तिथून चढून गेलं की यांच्या भावाची वस्ती. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, शेरडांपुढं पाला टाकत होत्या. त्यांनी हात न थांबवता सगळं ऐकून घेतलं.

"तिकडं कोण हाय आपलं?"

"कुणी न्हाई," हे म्हणाले.

"मग कशापायी जाताय?"

यांनी समजावलं. तिथं एका संस्थेनं बायकांना शेळ्या दिल्यात, पण औषधपाणी बघायला माणूस नाही. जवळच्या छोट्या दवाखान्यात नर्सही हवी आहे. पगार नाही, राहणं-खाणं त्यांचं. दोन वर्षांचं काम.

"बाळातपणं काय हितं व्हत न्हाईत?" आत्या माझ्याकडं बघून म्हणाल्या.

नर्स म्हणून माझी सगळी नोकरी वेल्ह्याच्या उपकेंद्रांत गेली होती. हे भोर तालुक्यात जनावरांच्या दवाखान्यात. आम्हाला मूल नाही. निवृत्त झाल्यावर भोरच्या घरात आम्ही दोघं समोरासमोर बसायला लागलो, आणि काही महिन्यांतच एकमेकांशी बोलण्यासारखं काही उरलं नाही. पुण्यात एका ओळखीच्या डॉक्टरांनी त्या संस्थेबद्दल सांगितलं तेव्हा आधी हे हो म्हणाले आणि मग मी. सेवा वगैरे शब्द नंतर आले, सत्काराच्या शालीबरोबर. खरं तर आम्हाला घरातून उठायचं होतं.

पुण्याला प्रशिक्षण झालं. पिवळ्या तापाची लस घ्यायची होती. आयुष्यभर गुरांना सुया टोचणारा हा माणूस स्वतःची बाही वर करताना पांढराफटक पडला. घर आवरलं, भांडी आंबवड्याला माझ्या बहिणीकडं पोचवली, तुळस शेजारणीला दिली. निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा वर गेलो. आत्यांनी यांच्या तोंडावरून हात फिरवला, माझ्या हातात भाकरीचं गाठोडं दिलं आणि आत निघून गेल्या. जाऊ म्हणाली, "त्या आता भाईर येत न्हाईत. तुमी निघा."

उत्तर युगांडातलं ते गाव सपाट होतं. नजर अडेल असा डोंगर कुठंच नाही. गवतानं शाकारलेल्या गोल झोपड्या, लाल माती, आणि शेतात नाचणी. नाचणी बघून मला भरून आलं. आम्हाला पत्र्याचं दोन खोल्यांचं घर मिळालं. दवाखाना हाकेच्या अंतरावर. तिथली एक शाळामास्तरीण आमची दुभाषी. ती आमचं इंग्रजी ऐकून हसायची, पण तिला ते कळायचं.

सुरुवात चांगली झाली. बायका यांना गोठे दाखवायला हात धरून न्यायच्या. माझ्याकडं गरोदर बाया यायला लागल्या. त्यात एक होती, पहिलटकरीण, लाजरी. तिच्या पोटाला हात लावला आणि मूल पायाळू आहे हे कळलं. मी दुभाषीकडून तिला बजावलं, "कळा सुरू झाल्या की लगेच इकडं ये. घरी थांबू नकोस. इथून तुला गाडीनं मोठ्या दवाखान्यात पाठवीन." ती मान हलवून गेली.

मग शेळ्या आजारी पडल्या. नाकातून घाण, तोंडात फोड, हगवण. यांनी पहिलीच शेळी बघितली आणि घरी येऊन न जेवता बसून राहिले. हा रोग यांनी आमच्या डोंगरात पाहिला होता. गोठेच्या गोठे रिकामे करणारा. संस्थेच्या माणसानं लस मागवली. ती आली तोवर रोग सगळीकडं पसरला होता.

"ज्या धडधाकट दिसतात त्यांनाच टोचायची," हे म्हणाले. "पण त्यांतल्या काहींच्या अंगात रोग आधीच शिरला असेल. त्या टोचूनही मरतील. हे बायकांना आधी सांगा."

दुभाषीनं झाडाखाली सगळ्यांना सांगितलं. दोनदा सांगितलं. बायकांनी माना डोलावल्या.

टोचलेल्या शेळ्या मरायला लागल्या. सगळ्या नाहीत, पण खूप. आणि न टोचलेल्या, आजारी म्हणून बाजूला ठेवलेल्यांतल्या काही जगल्या. तेवढं पुरेसं होतं. एका म्हातारीनं आपली मेलेली शेळी ओढत आणली आणि आमच्या दारात टाकली. शेळीचे पाय नीट जुळवून ठेवले आणि गेली. यांनी मागं खड्डा खणला. मी मदतीला गेले तर म्हणाले, "तू नको. तू आत जा."

त्यानंतर यांना कुणी गोठ्यात घेईना. माझ्याही दवाखान्यातलं बाकडं रिकामं पडलं. दुभाषी चाचरत म्हणाली, "ते म्हणतात, नवऱ्याच्या सुईनं शेळ्या मरतात, तर बायकोच्या सुईनं काय होईल?"

त्या पहिलटकरणीकडं मी दोनदा निरोप धाडला. एकदा स्वतः गेले. तिच्या सासूनं दारातूनच हात हलवून मला परतवलं. आत ती बसलेली मला दिसत होती. तिनं मान वर केली नाही.

तिच्या कळा घरीच सुरू झाल्या. मूल पायांनी आलं आणि डोकं अडकलं. मला कळलं तेव्हा त्याला पुरलेलं होतं.

त्या दुपारी वस्तीवरून जावेचा फोन आला. आत्यांना बोलायचं होतं. यांनी नेहमीसारखं बरं आहे म्हणून टाकलं नाही, सगळं सांगितलं. मोबाईल स्पीकरवर लावला होता.

"टोचली कुणी? तू?" आत्यांनी विचारलं.

"व्हय."

"मंग तुलाच म्हणणार की. म्या बी म्हणलं असतं."

यांनी फोन खाली ठेवला. मग म्हणाले, "जाऊ या परत. तुझंही काम माझ्यामुळं बुडालं."

मी म्हणाले, "तुमच्यामुळं नाही." पण ते पुरतं खरं नव्हतं, आणि ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. जायचं की राहायचं हे त्या दिवशी ठरलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी रोज सकाळी दवाखाना उघडायची, झाडायची, बसायची. हे घरातल्या घरात सुया उकळायचे.

आठवड्यानं ती पहिलटकरीण आली. एकटीच, चालत. अंगात ताप होता. पाजायला मूल नव्हतं, दूध साकळून छाती दगडासारखी झाली होती, एक बाजू लालबुंद. तिनं पदरासारखं गुंडाळलेलं कापड बाजूला केलं आणि माझ्याकडं न बघता बाकड्यावर बसली. दुभाषी नव्हती. मी पाणी गरम केलं, कापड बुडवून शेकायला लागले, मग हळूहळू दूध काढायला घेतलं. माझं मनगट तिनं घट्ट धरून ठेवलं होतं. इंजेक्शन द्यावं की गोळ्या, या विचारात मी क्षणभर थांबले आणि गोळ्या काढल्या.

तेवढ्यात हे काहीतरी विचारायला दारात आले. तिला बघितलं आणि तसेच मागं वळले. ती जाईपर्यंत दवाखान्याच्या मागच्या भिंतीशी, उन्हात, उभे राहिले.