कूलरजवळच्या चपला

गंगापूरच्या सासुरवाडीत मी थोरला जावई, आणि त्या घराचं वायरिंग माझ्या हातचं. लग्न झालं तेव्हा मी वायरमनची कामं घ्यायचो. पुढं शेंद्र्याच्या एका कारखान्यात लागलो. सासुरवाडीला गेलो की चहाच्या आधी माझ्यापुढं बंद पडलेली इस्त्री यायची, नाहीतर खरखरणारा पंखा. सासूबाई म्हणायच्या, "जावईबापू येईस्तोर कुणाला हात नाय लावू दिला." पाहुण्याला कामाला जुंपतात म्हणून बायको कुरकुरायची. मला मात्र ते फार आवडायचं.

मग धाकट्या मेहुणीचं लग्न झालं आणि घरात साडू आला. औरंगाबादला गुलमंडीवर त्याचं कापडाचं दुकान, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, आणि बोलणं असं की समोरच्यानं आधीच हो म्हणावं. तो यायला लागल्यापासून माझ्या इस्त्र्या-पंख्यांचं कुणाला काही वाटेना. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते खोटं नाही.

त्या वर्षी धोंड्याचा महिना ऐन उन्हाळ्यात आला. या महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, वाण द्यायचं, अशी रीत. जावयानं नुसतं घ्यायचं असतं. आम्ही पडेगावहून घामाघूम होत जीपनं पोचलो, तर बैठकीत छातीएवढ्या उंचीचा पत्र्याचा कूलर घरघरत होता. साडूनं आठवडाभर आधीच आणून बसवला होता.

"धाकल्यानं घराचं काश्मीर केलं," सासरे म्हणाले. शेजारचे म्हातारे मुद्दाम वाऱ्याला येऊन बसले होते. माझी सख्खी बायकोसुद्धा त्या वाळ्याच्या वासात डोळे मिटून उभी राहिली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आणि तोही त्या गार वाऱ्यात.

मी खोट शोधायला लागलो. सरळ सांगतो, तेव्हा कुणाच्या जिवाची काळजी माझ्या मनात नव्हती. मला त्या कूलरमध्ये खोट हवी होती. ती सापडायला वेळ लागला नाही. वायरीला प्लगच नव्हता. दोन उघडी टोकं बोर्डाच्या भोकांत घालून आगपेटीच्या काड्या ठोकून बसवली होती, आणि तिसरी हिरवी वायर कापून टाकली होती.

"साडूभाऊ, हिरवी वायर कुठंय?" मी विचारलं.

"ती जास्तीची व्हती," तो म्हणाला. "दोन वायरींवर बी वारा तेवढाच येतो की."

सगळे हसले. मी समजावून सांगायला गेलो. करंटला जमिनीत जायचं असतं आणि तो सोपी वाट धरतो. आतली एखादी वायर सोलून पत्र्याला लागली तर तो हिरव्या वायरीतून खाली उतरतो, फ्यूज उडतो, माणूस वाचतो. हिरवी वायर नसली तर तो पत्र्यातच दबा धरून बसतो. कुणी ओल्या हातानं, अनवाणी पायानं शिवलं की त्याला वाट मिळते, आणि ती वाट त्या माणसाच्या छातीतून जाते.

"तुमचं आपलं कायतरीच," सासरे म्हणाले.

बायकोनं मला बाजूला घेतलं. "कशाला जळता? चांगलं आणलंय त्यानं."

मी जळत होतोच. माझं म्हणणं खरं होतं, पण ते जळणाऱ्याच्या तोंडून आलं होतं.

तेवढ्यात मला कूलरजवळ चपला दिसल्या. रबरी, सासूबाईंच्या. घरात देव्हारा आहे म्हणून व्याह्यांनाही उंबऱ्याबाहेर जोडे काढायला लावणारी ही बाई, आणि तिच्या चपला बैठकीत. मी बघत राहिलो. सासूबाई बादली घेऊन आल्या, चपलांत पाय सरकवले, कूलरमध्ये पाणी ओतलं, पुन्हा चपला काढल्या आणि निघून गेल्या.

मी त्यांना स्वयंपाकघरात गाठलं. "मामी, झटका बसतो ना?"

"झिणझिण्या येत्यात जरा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "नवा हाय, म्हणून असंल. पण धाकल्यापुढं काढू नका. कौतुकानं आणलंय. धोंड्याच्या महिन्यात जावयाच्या वस्तूला कुणी नावं ठेवत्यात व्हय?"

आता मात्र मला त्यांच्या जिवाची भीती वाटली. खरं सांगायचं तर धाकट्याची खोट सापडल्याचा आनंदही झाला. आणि ती कुणाला सांगायची सोय नव्हती.

साडू आणि सासरे आंबे आणायला शेताकडे गेले तेव्हा मी काड्या उपसल्या आणि कूलर उघडला. पंपाची वायर पत्र्याच्या धारेवर घासून सोलली होती, आणि नेमकं तिथंच पाणी ठिबकत होतं. बाजारातून सामान आणलं. वायर बदलली, धारेला रबर लावलं, हिरवी वायर पत्र्याला आवळली, तीन पिनांचा प्लग बसवला. मग करंट जमिनीत नेणारं अर्थिंग शाबूत आहे का ते बघायला टेस्ट लॅम्प लावला. वायरिंग केलं तेव्हा परसात खड्डा खणून, कोळसा-मीठ भरून ते मीच पुरलं होतं आणि उन्हाळ्यात पाणी घालत जा असं सासूबाईंना सांगितलं होतं. इतक्या वर्षांत ते ठणठणीत कोरडं पडलेलं असणार याची मला खात्री होती. दिवा लख्ख पेटला, म्हणजे अर्थिंग जिवंत होतं. परसात जाऊन बघितलं, तर खड्डा ओला आणि कडेला मिठाचे पांढरे डाग.

मी आत येऊन सासूबाईंना "झालं" एवढंच म्हणालो.

संध्याकाळी पंगत बसली. साडूनं ताटावर बसायच्या आधी कूलरवर थाप मारली. "बघा, नवा व्हता तवा जरा झिणझिण्या मारायचा. आता मुरला."

"लोणच्यावानी असतंय ते," सासरे म्हणाले.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. मी सासूबाईंकडे बघितलं. त्या तूप वाढत होत्या, दोघा जावयांना सारखंच. मला एक पळी जास्त वाढली असती तर कुणाला कळलं असतं?

कूलरचा आवाज बदलला. पाणी संपत आलं होतं. सासूबाई तुपाची वाटी ठेवून बादली घेऊन आल्या. चपला तिथं नव्हत्या, केव्हाच उंबऱ्याबाहेर गेल्या होत्या. मला त्यांनी "नक्की ना?" असं विचारलंसुद्धा नव्हतं. सांडलेल्या पाण्यात अनवाणी उभं राहून त्यांनी ओला हात पत्र्यावर टेकवला आणि बादली रिकामी केली. साडूचं कूलरपुराण चालूच होतं.

मी आणखी एक धोंडा मागून घेतला.