सबवुफरची यथासांग पूजा

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. बीएस्सी, विषय फिजिक्स. त्यामुळे घरात विजेवर चालणारं काहीही बंद पडलं, की सगळे माझ्याकडं बघतात आणि मी त्या वस्तूकडं बघतो. याच्या पुढं माझ्या पदवीनं अजून मजल मारलेली नाही.

दसऱ्याला आम्ही होम थिएटर घेतलं. टीव्हीखाली ठेवायचा एक लांबट स्पीकर आणि खर्जातला आवाज काढणारा एक चौकोनी डबा, म्हणजे सबवुफर. लांबट स्पीकर बायकोसाठी, डबा अण्णांसाठी. अण्णा म्हणजे माझे वडील. पाचोडला त्यांनी उभा जन्म पिठाची गिरणी चालवली आणि डिझेल इंजिनाशेजारी उभं राहून कान घालवले. आता त्यांना बारीक आवाज येत नाहीत, फक्त ढोलासारखे जड आवाज कळतात. त्याच गिरणीवर मी शिकलो. दोन वर्षांपूर्वी ती विकली, तेव्हा शेवटचं दळण चालू असताना मी मोबाइलवर व्हिडिओ काढला होता. तो दाखवला तर म्हणाले, "चित्र छान हाय." आवाज त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. रविवारी ते डोळे तपासायला शहरात येणार होते. परत जायच्या आत त्यांना त्यांची गिरणी ऐकवायची, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

आणि डबा मुका निघाला. निळा दिवा मात्र ऐटीत लागायचा.

मी शास्त्रीय पद्धतीनं सुरुवात केली. बंद करून चालू केलं. मग चालू करून बंद केलं. मदत क्रमांकावरच्या मुलीनंही नेमकं हेच सांगितलं, तेव्हा आपलं शिक्षण वाया गेलं नाही याची खात्री पटली. सेटिंगमध्ये जाऊन खर्ज शेवटपर्यंत वाढवला. डबा कोपऱ्यात ठेवला, मग सोफ्यामागं ठेवला.

"अहो, पूर्वेला तोंड करून बघा," बायको म्हणाली. "बीएस्सीत शिकवलं नसेल."

तेही केलं. कोणी बघत नसताना.

शनिवारी डबा आणि स्पीकर जोडणारी वायर घेऊन शहागंजच्या बाजारात गेलो. दुरुस्तीवाल्यानं ती पुसून मीटरला लावली. "वायर एकदम अच्छी है साब. डब्बा कायको नहीं लाए?"

डबा जड आहे, असं मी सांगितलं.

"तो घर जाके एक सिरा डब्बे में लगाओ, दूसरे को उंगली लगाओ. भूं बोला तो डब्बा अच्छा. डरो मत, करंट नहीं लगता. आप तो पढ़े-लिखे दिखते."

पढ़ा-लिखा असल्यामुळंच मी बोट लावलं नाही.

रविवारी अण्णा आले ते डोळ्यांत थेंब घालून. समोरचं सगळं धूसर. मी ओरडून डब्याची हकीकत सांगितली. ते खाली बसले. "आधी बटन बंद कर," म्हणाले. मग वायर उपटून त्यांनी डब्याच्या पाठीवरून बोट फिरवलं आणि वायरच्या भोकाशी थांबले.

"ह्यात काय भरलंस?"

बोट लाल झालं होतं. बायकोनं माझ्याकडं बघितलं. दसऱ्याला यंत्रांची पूजा मीच केली होती. पुढची चकचकीत बाजू खराब होऊ नये, म्हणून ओलं हळदकुंकू पाठीमागं लावलं होतं. तिथं दोन गोल भोकं टिळ्यासाठीच पाडल्यासारखी दिसत होती. वर त्यातच वायर कोंबून मी मुहूर्त साधला होता.

"गिरणीला पण लावायचो की आपण," मी म्हणालो.

"व्हय, पर इंजिनाच्या अंगाला. नळीत नाय कोंबायचो, लेका."

काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिट लावून मी भोकं आणि वायरची टोकं साफ केली. वाळल्यावर वायर लावली, व्हिडिओ सुरू केला. खिडकीच्या काचा थरथरल्या. बायकोनं टीपॉयवरचे ग्लास उचलले. अण्णांनी डब्यावर तळहात ठेवला आणि मान खाली घातली. आता ते काहीतरी कौतुकाचं बोलतील, म्हणून मी नम्र चेहरा करून उभा राहिलो.

"इंजिनाचा पट्टा घसरतोय," ते म्हणाले.

"काय?"

"मधीच एक ठोका पडंना. ऐक की."

मी मान डोलावली. मला काहीही कळलं नव्हतं.

"शेवटच्या दिवशी बी घसरत व्हता म्हणायचा. मला कळलंच नाय रं."

व्हिडिओ संपला. त्यांनी तळहात उचलला नाही.

"परत लाव," म्हणाले.