लेथला घातलेला हार

काल दसऱ्याला नातीने तिच्या लॅपटॉपला झेंडूचा हार घातला आणि त्या उग्र वासासरशी मी ऐंशीच्या दशकातल्या मुलुंडच्या कारखान्यात जाऊन पोचलो. तिथे मी सुपरवायझर होतो.

तिथल्या एका दसऱ्याला सगळी मशिनं पुसून लख्ख केली होती. झेंडूच्या वासात ऑइलचा वास मिसळला होता. आमचा सगळ्यात चांगला टर्नर शांताराम, मूळचा मालवणकडचा, आपल्या लोखंड कातायच्या लेथला हळदकुंकू लावत होता. दोनच दिवसांनी त्याचं दुबईचं विमान होतं. त्याच्याआधी चांगले चांगले कारागीर असेच गेले होते. शेठ माझ्या कानाशी लागले, "काहीही कर, पण याला थांबव."

भिंतीवर पाटी होती, 'उत्पादन वाढवा, देश घडवा'. तिच्याखाली उभा राहून मी म्हणालो, "शांताराम, थांब ना रे. तुझ्यासारखा हात मी कुठून आणू?"

त्याने पाटीकडे पाहिलं. "गावाक घराच्या भिंती उभ्या आसत, भाऊ, छप्पर नाय. तुमची पाटी छप्पर घालतली काय?"

त्याने माझ्या हातावर पेढा ठेवला, लेथवरून हात फिरवला आणि म्हणाला, "हिका सांभाळा हां."

पुढच्या दसऱ्याला त्या लेथला हार मीच घातला. वर्षभर तिच्यावर धड माणूस टिकला नव्हता.

तेव्हा शांतारामचा राग आला होता. आता येत नाही. नात पुढच्या महिन्यात नोकरीसाठी जर्मनीला निघाली आहे. थांब म्हणायला काल तोंड उघडलं, तर तिने हसत त्यात पेढा भरवला.