गाभण म्हैस तपासण्याचे वीस गुण

निवृत्त झाल्यावरही तुमची आजी कसल्या परीक्षा घेते, असं तुम्ही फोनवर विचारता, म्हणून हे लिहिते.

गेल्या थंडीत मुरबाडजवळच्या एका गोठ्यात पशुवैद्यकीच्या शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिकं होती. मी बाहेरची परीक्षक; पण त्या गोठ्यातली जनावरं मी एरवीही तपासते. गाभण म्हैस तपासायची, वीस गुण, पास व्हायला दहा. नापास झालं की वर्ष अडकलं. गुणपत्रक मीच बनवलेलं. प्रत्येक पायरी परीक्षकाला ऐकू येईल अशी बोलून करायची. न बोललेल्या पायरीला शून्य.

डोंगरातल्या एका पाड्यावरची मुलगी आली. तिने लांब हातमोजा चढवला, शेपटीखालून हात आत घातला आणि माझ्याशी एक अक्षर न बोलता घरच्या बोलीत म्हशीशीच बोलत राहिली. त्या म्हशीने मला आजवर दोनदा लाथ मारली आहे. त्या दिवशी ती रवंथ करत उभी होती. "सव्वातीन महिने," हात बाहेर काढत मुलगी म्हणाली. कृत्रिम रेतनाच्या नोंदीशी ते तंतोतंत जुळलं. इतकं नेमकं सांगायला मला नोकरीतली दहा वर्षं लागली होती.

मी उत्तराचे पाच गुण दिले, बाकी शून्य. नियमच तसा आहे, असं स्वतःला सांगितलं. खरं तर तिचा तो हात मला सहन होत नव्हता.

गोठ्याची मालकीण शेजारीच उभी होती. "बाई, तुमी आल्या का हिला धराया दोन माणसं लागतात," ती हसत म्हणाली आणि मुलीकडे वळली, "पुढच्या टायमाला तूच ये गो."

मुलीचं लक्ष माझ्या कागदाकडे होतं. पाचाचा आकडा तिला दिसला आणि ती हातमोजा न काढताच उभी राहिली. तेव्हा मला माझीच लाज वाटली. परीक्षकाला एकदा फेरसंधी देता येते.

"पुन्हा कर," मी म्हटलं. "या वेळी मला सांग."

तिने अडखळत, मोठ्याने, एकेक पायरी सांगत सगळं केलं. म्हैस दोनदा बिथरली. मला त्याचं बरं वाटलं, हे तुमच्यापासून लपवत नाही.

एकही पायरी चुकली नव्हती. मी अठरा गुण लिहून सही केली. कापलेल्या दोन गुणांचं कारण लिहायचा रकाना होता. तो मी कोरा ठेवला.