आमच्याआधी निघून गेलेलं प्रस्थान

देवावर माझा विश्वास आहे का, असं गेल्या वर्षी मला कुणी विचारलं असतं तर मी विषय बदलला असता. दिवा लावत होते, पण दूधवाल्यानं बेल वाजवली की दार उघडावं, तितक्याच सवयीनं. ह्यांच्या छातीत दुखलं, एक स्टेंट बसला आणि महिन्याभरात डॉक्टरांनी सांगून टाकलं, की हृदय ठणठणीत आहे, आता चाला, फिरा, जिने चढा. हृदयानं ते ऐकलं, ह्यांनी ऐकलं नाही. बरकतपुऱ्यातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत एक वेताची खुर्ची आहे. तिच्यात हे जे बसले, ते आठ महिने उठायचं नाव घेईनात. वरच्या मजल्यावरचं अंथरूण खाली आलं. नाडी आणि ऑक्सिजन दाखवणारा तो चिमटा एकदा बोटाला लागला तो लागलाच. जेवताना उजव्या हातावरून डाव्या हातावर जायचा एवढंच. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात, हे पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले.

आमचं कुलदैवत नरसिंह. रोज सकाळी मी त्याच्याशी भांडायचे. म्हणायचे, खांब फोडून बाहेर येणारा देव तू, तुला एक वेताची खुर्ची रिकामी करणं इतकं जड जातंय का? मग मी ठरवलं, आपलं आपणच बघावं. विद्यानगरच्या एका कॉलेजात मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला आहे. नल्लमल्लाच्या डोंगररांगा फळ्यावर खडूनं असंख्य वेळा काढल्या, प्रत्यक्षात पाहिल्या त्या फक्त बसच्या खिडकीतून, अर्धवट झोपेत. तेव्हा गाडीनं सहा दिवसांची सहल आखायला घेतली. श्रीशैलमचा घाट, बेलमच्या गुहा, गंडिकोट्याची दरी आणि शेवटी हॉर्सली हिल्स. रोज एक छोटी चढण, पहिल्या दिवशी चाळीस पायऱ्या, दुसऱ्या दिवशी शंभर, असं करत शेवटच्या दिवशी अख्खी टेकडी. हा माझा गुप्त अभ्यासक्रम होता. मध्ये आमिषाला गमतीची ठिकाणं पेरली. एका धाब्याच्या अंगणात जुनं विमान ठेवलंय आणि त्यात बसून डोसा खाता येतो. एका गावात निवृत्त मास्तरांनी घरभर जुनी कुलपं जमवली आहेत. ह्यांच्या अटी होत्या. गादी कडक हवी, कमोड हवा, आणि मुक्कामापासून वीस किलोमीटरच्या आत हृदयाचं हॉस्पिटल हवं. मी सगळ्या मान्य केल्या. माझ्या वहीत धबधब्यांपेक्षा हॉस्पिटलंच जास्त झाली. खरं सांगायचं तर ह्यांनी प्रत्येक मुक्कामाला एक मागितलं होतं, मी तीन-तीन लिहिली होती. तेव्हा त्याचा अर्थ माझ्या लक्षात आला नाही.

दसरा झाला, हवा छान झाली, आणि नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं सुरू झाली. वीज खात्यात जन्मभर इंजिनिअर असलेल्या ह्या माणसानं कधी पंचांग उघडलं नव्हतं, आता दोन-दोन उघडून बसायला लागला. मराठी पंचांगात दिवस चांगला निघाला की तेलुगू पंचांगात राहुकाळ सापडायचा. रविवारी निघायचं ठरलं तर म्हणाले, "रविवार जमत नाही. शनिवारी सकाळी साडेसातला योग आहे, पण शनिवारी तर तुझं हॉटेलच नाही." आणि विजयी मुद्रेनं पुन्हा खुर्चीत टेकले. मला एकदम सासूबाई आठवल्या. मी म्हणाले, "अहो, मग शनिवारी प्रस्थान ठेवू या की!"

ज्यांना ही चाल माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. मुहूर्त एका दिवशी आणि सोय दुसऱ्या दिवशी असली, तर मुहूर्तावर आपली एक पिशवी, त्यात तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि आपल्या रोजच्या वापरातली एखादी वस्तू घालून, जायच्या दिशेच्या शेजाऱ्याकडे नेऊन ठेवतात. मग आपण निघालो असं धरतात. निघताना ती पिशवी उचलायची आणि थेट पुढे जायचं, ती पुन्हा घरात आणायची नाही. आमच्या दक्षिणेला आपांचं घर. आपा निवृत्त शिक्षिका, एकट्या राहतात. सासूबाईंची सगळी प्रस्थानं त्यांच्या अम्मीकडेच ठेवलेली. त्यामुळे पिशवी घेऊन गेले तर आपांनी काही विचारलं नाही, फक्त "अच्छा, सफर पे जा रैं क्या भाभी? मुबारक!" म्हणून व्हरांड्यातल्या कोनाड्यात ठेवून घेतली.

रोजच्या वापरातली वस्तू म्हणून ह्यांनी पिशवीत काय घातलं असेल? तो चिमटा. शास्त्राच्या बाबतीत लबाडी केली तर प्रवासात बाधा येईल, ही भीती हृदयाच्या भीतीपेक्षा मोठी ठरली. शनिवारचा दिवस त्यांनी मनगट धरून, घड्याळाकडे बघत, आणि अधूनमधून कंपाउंडवरून आपांच्या व्हरांड्याकडे नजर टाकत काढला. दुपारी डोळा लागला तेवढीच विश्रांती.

रविवारी सहाला गाडी भरून आम्ही आपांच्या दाराशी गेलो, तर दाराला कुलूप आणि कोनाडा रिकामा. फोन लावला. "या अल्ला, भाभी! वो लाल थैली? कल दोपहर में भांजे का ड्राइवर व्हरांडे का पूरा सामान उठा लिया मा, तुम्हारी थैली बी चढ़ा दिया. मैं इधर पहाड़ पे आको देखी." भाच्यानं विकाराबादच्या पुढे डोंगरावर नवं घर बांधलं होतं, त्याच्या कुराणखानीला, म्हणजे नव्या घरातल्या कुराणपठणाला, त्या गेल्या होत्या. म्हणजे आमचं प्रस्थान आमच्याआधीच निघून गेलं होतं, आणि तेही दक्षिण सोडून पश्चिमेला.

मी ह्यांच्याकडे पाहिलं, तर त्यांचा चेहरा चक्क खुलला होता. "देवाच्याच मनात नाही दिसत," असं म्हणून ते घराकडे वळले. त्या क्षणी मला कळलं, की हा माणूस आज त्या खुर्चीत बसला तर पुन्हा कधीच उठणार नाही. आठ महिन्यांत मी रडले नव्हते, आपांच्या बंद दारासमोर रडले. नरसिंहाला मनात जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

हे फाटकापर्यंत गेले आणि थांबले. छाती चाचपली, बोट चाचपलं. "अगं, पण माझी मशीन!" रविवार, सकाळचे सहा, दुकानं बंद, आणि डोंगरावरच्या पिशवीत त्यांचा चिमटा. "चल, गाडी काढ लवकर," ते म्हणाले. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी मला गाडी काढायला सांगितलं होतं. मी डोळे पुसले आणि काढली.

दोन तासांत डोंगराखाली पोचलो. तिथं कच्च्या रस्त्यावर विटांची एक लॉरी आडवी रुतलेली. वरचं घर दिसत होतं, पण दीड-दोन किलोमीटरची चढण. मी म्हणाले, तुम्ही गाडीत बसा, मी पिशवी घेऊन येते. ते म्हणाले, "मशीन नाही आणि वर तू बी नाही? मी एकटा नाही बसत." तेव्हा आपल्याला चढता येतं की नाही हे सांगणारं यंत्र आणायला हे स्वतःच डोंगर चढायला निघाले! मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. माझ्या अभ्यासक्रमात हा डोंगर शेवटच्या दिवशीसुद्धा नव्हता, आणि जवळचं हॉस्पिटल कुठं आहे, ते वहीत कुठंच नव्हतं.

पंचवीस-तीस पावलांवर हे उभे राहिले, चेहरा पांढरा. तेवढ्यात मागून एक म्हातारी आली. डोक्यावर सीताफळांची पाटी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तेलुगूत म्हणाली, वर चाललात का, मीही तिकडेच चाललेय. आणि पुढे व्हायचं सोडून तिथंच दगडावर बसली. पाय फार दुखतात म्हणाली. ती बसली म्हणून हेही बसले. ती उठली तेव्हा उठले. "मेल्लगा, अय्या, मेल्लगा," हळूहळू, हळूहळू, असं पुटपुटत ती चालायची आणि चाळीसेक पावलांवर पुन्हा बसायची. कधी गुडघा धरायची, कधी कंबर. ह्यांना तिची काळजी वाटू लागली. पाणी दिलं, पायाला काय लावते विचारलं, डॉक्टरला दाखव म्हणाले, आणि रोज चालल्याशिवाय गुडघे सुधारत नसतात असंही वर सांगितलं! मी पदर तोंडाला लावून हसू दाबलं.

अर्ध्या वाटेवर चढण जास्तच खडी झाली. म्हातारीनं निःश्वास टाकला आणि पाटी खाली ठेवली. हे वाकले आणि त्यांनी ती पाटी उचलली. आठ महिने पाण्याचा तांब्यासुद्धा मी हातात देत आले होते. "अहो, ठेवा ती खाली!" हे शब्द अगदी ओठांवर आले. म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही, प्रेमानंही नाही, वर्गात बोलणाऱ्या मुलीकडे मी पाहायचे तसं. आणि माझं तोंड मिटलं. त्या मिटलेल्या तोंडानं मला लख्ख कळलं, की ती खुर्ची ह्यांनी एकट्यानं धरून ठेवली नव्हती. पाणी हातात देणारी मी, अंथरूण खाली आणणारी मी, तीन-तीन हॉस्पिटलं लिहिणारीही मीच. देवाकडे मागत होते की ह्यांना उठव, आणि खांदे धरून दाबून बसवतही होते. मी मनात म्हणाले, आता तूच बघ बाबा, माझ्यानं नाही होत. इतकी साधी, इतकी हरलेली प्रार्थना मी आयुष्यात केली नव्हती.

हे पाटी घेऊन पुढे चालत राहिले. घर आलं. वर पोचल्यावर म्हातारीनं दोन पिकली सीताफळं आमच्या हातात दिली, पाटी एका हेलकाव्यात स्वतःच डोक्यावर घेतली आणि पलीकडच्या उतारानं निघाली, इतकी झपझप, की तिचे पाय दुखतात हे आपांना सांगताना मलाच खोटं बोलल्यासारखं वाटलं. आपा म्हणाल्या, "इधर तो कोई फल बेचने नै आते भाभी. होगी कोई, जंगल की तरफ की." असेल. सीताफळांच्या दिवसांत डोंगरात अशा पुष्कळ बायका हिंडत असतात. मी त्यावर वाद घालत नाही.

आपांनी पिशवी आणून दिली. ह्यांनी चिमटा काढला, पुसला, माझा हात ओढून माझ्याच बोटाला लावला आणि आकडा वाचून म्हणाले, "तुझीच धडधड बघ किती हाय! बस जरा." आणि चहाचा कप घेऊन मागची दरी बघायला निघून गेले. मी बसले, आणि आपांच्या खांद्यावर डोकं ठेवून हसता हसता पुन्हा रडले.

पिशवी घरात न आणता आम्ही तिथूनच दक्षिणेला लागलो. विमानातला डोसा चुकला, पहिला मुक्काम भलत्याच गावी झाला, गादी मऊ होती आणि कमोड नव्हता. कुणी मेलं नाही. नरसिंहानं ह्यांना उठवलं, का माझे हात सोडवले, हे मी अजून ठरवलेलं नाही. इतकं कळलं, की त्याच्या हाती सोपवते असं म्हणत आपण बहुतेक वेळा फक्त तक्रार नोंदवत असतो, सोपवत काहीच नाही. आता रोज थोडं सोपवायला शिकते आहे. जमत नाही, पण त्याला घाई दिसत नाही.

हॉर्सली हिल्सवर शेवटच्या सकाळी धुकं होतं. पायवाटेवर हे माझ्यापुढे वीसेक पावलं होते, मग वळण आलं आणि दिसेनासे झाले. हाक मारावीशी फार वाटली. मी जवळच्या दगडावर बसले, हात जोडले, आणि मारली नाही.